बाभळीवरचं सील

शुक्रवारी आपाला तिच्या घरी पोचवायला वैनगंगेच्या घाटावर गेलो होतो... आणि नदीची देखभाल म्हणजे काय ते अंगावर घेऊन आलो.

घाटाचं नाव लिहीत नाही. माझ्या इथल्या मित्रयादीत तहसीलातले दोघंतिघं आहेत. ते माझं सगळं वाचतात, फक्त कौतुक करत नाहीत.

आपा म्हणजे माझी मोठी बहीण. नदीपलीकडच्या गावात तिचं किराणा दुकान आहे. तिथेच पोत्यांच्या थप्पीवरून पडली आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर झालं. दवाखान्यातून सुटल्यावर बल्लारपूरला आमच्याकडे राहिली आणि माझ्या बायकोच्या स्वयंपाकात इतक्या सुधारणा सुचवल्या, की तिला लवकर पोचवणं सगळ्यांच्याच हिताचं होतं.

पुलाकडचा रस्ता पावसात वाहून गेलेला. राहिला घाट.

या घाटावर गणपतभाऊ नाव चालवतो. नाव म्हणजे दोन लाकडी डोंगे शेजारी शेजारी बांधून वर बांबूची ताटी. त्यावर मोटारसायकल जाते, बकऱ्या जातात, नवरी जाते... उलटत नाही. आपाची खुर्चीच वर ठेवायची असा माझा बेत होता.

जाऊन पाहतो तर पाण्यात एकच डोंगा!

झालं असं, की परवान्याची फी यंदा एकदम वाढली. त्यात तहसीलातले साहेब स्वतः घाटावर आले, त्यांनी मोजलं, आणि डोंगे दोन म्हणजे नावा दोन, परवाने दोन असा निकाल दिला. साहेबांच्या पायात चपला दोन होत्या, पण त्यांची दोन माणसं कुणी धरली नाहीत.

गणपतभाऊला एकच परवाना झेपला. दुसरा डोंगा काठावरच्या बाभळीला दोराने बांधलेला, गाठीवर लाखेचं सील. आणि त्या सीलवर लक्ष ठेवायला एक म्हातारा कोतवाल बसवलेला.

फी वाढली म्हणून माझी तक्रार नाही. नदीलाही खर्च लागतो. वाढीव रक्कम नदीच्या देखभालीसाठी आहे, असं घाटावरच्या फलकावर लिहिलंय. फलक नवा कोरा... आणि त्याच्या समोर, ऐन धारेत, गेल्या वर्षीच्या पुरात उन्मळून आलेलं भलंमोठं झाड आडवं. ते काढा म्हणून गणपतभाऊ वर्षभर सांगतोय.

बाईला निजवून नेतो, पण कोणी हलायचं नाही, असं तो म्हणाला. आपाचा पाय वाकत नव्हता, म्हणून तो तिरका डोंग्याच्या काठावर टेकवला. त्या पायाला तोल म्हणून दुसऱ्या बाजूला मी. माझ्या जाडेपणाचा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला.

झाडाला वळसा घालायला डोंगा धारेत न्यावा लागला. तिथे पाण्याखालच्या एका फांदीने तळ धरला... डोंगा कलला आणि आपाच्या पायाकडून पाणी आत आलं.

मला फक्त ते पांढरं प्लास्टर दिसत होतं. लहानपणी मला पोहायला शिकवणारी माझी बहीण त्या पायापायी दगडासारखी बुडाली असती.

भीती वाटली की मी विनोद करतो. तोंड उघडलंही. गणपतभाऊने बांबू तळाशी रोवून सगळं अंग त्यावर टाकलं होतं. मागे न बघता तो हळूच म्हणाला, "भाऊ, आता तुमी बोलू नका."

त्याचा बांबू वाकत चालला होता. पुढे जाता येईना, बांबू सोडता येईना... मी एका हाताने पाणी उपसत होतो, दुसऱ्या हातात आपाचा हात. तिचे ओठ हलत होते.

काठावर कोतवाल उठून उभा राहिला. त्याने सीलकडे पाहिलं, मग आमच्याकडे. कोतवालाची नोकरी ती केवढीशी, पण त्याच्याकडे तेवढीच होती.

मग तो खाली वाकला.

पुढचं दिसलं ते एवढंच, की दुसरा डोंगा धारेला लागून आमच्याकडे येतोय आणि त्यात कोतवाल उभा आहे. आमच्या कललेल्या बाजूला त्याने तो आणून टेकवला आणि दोर गणपतभाऊकडे टाकला. "बांध लवकर. मी इथी आलोच नाई."

दोन डोंगे एक झाले, तशी नाव सरळ झाली. दोघांनी रेटा दिला, फांदी सुटली... आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत खरोखर कुणी बोललं नाही. मीसुद्धा.

आपाला उतरवून खाटेवर ठेवलं. कोतवाल तिच्याजवळ आला, इकडेतिकडे पाहिलं. "बाई, कोणी इचारलं तं तुमी किती डोंगे पायले?"

"मामा, मी तं डोये मिटून कलमा पढत होती. मले का मालूम?" आपा म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "याचा भरोसा नाई. हा लिवते."

परत आल्यावर मी बाभळीपाशी थांबलो. कोतवालाने गवत कापायच्या विळ्याने दोर मधोमध कापला होता. गाठ बाभळीला तशीच, सील शाबूत, शिक्का वाचता येईल असा. एवढी काळजी घेतलेली सरकारी मालमत्ता मी आजवर पाहिली नव्हती.

तेव्हा तहसीलातल्या मित्रांनो, सील तुटलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. तरी घाट शोधायचाच असेल, तर खूण एकच... धारेत आडवं पडलेलं झाड. ते काढून टाका, म्हणजे ही गोष्ट कुठे घडली ते कुणालाच ओळखता येणार नाही.

मामा, आपा बरी आहे. प्लास्टर टाचेकडे थोडं भिजलं, तेवढंच.