निरोपाचं गाणं

कुणी गेलं की मावशीला बोलावणं यायचं. उशाशी बसून ती निरोपाचं गाणं म्हणायची आणि माणसांचं घशात अडकलेलं रडू मोकळं व्हायचं. भाच्याने तेच गाणं उचललं, त्यावर ड्रम बडवले आणि नाचायला बाजारात आणलं. ते घराघरांत वाजू लागलं, तशी मावशीला येणारी बोलावणी आटली.

"मेल्याने मयताच्या गाण्यावर लोकांना नाचवलं! येईल कधीतरी माझ्याच दारात," म्हणत ती दातओठ खात राहिली.

आणि तो आला. त्याचे वडील गेले होते. त्याची आई, म्हणजे मावशीची सख्खी बहीण, सकाळपासून दगडासारखी बसली होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

मावशी त्याच्या घरी गेली, पण गायला मात्र तयार होईना. "मी कशाला? तुझं गाजलेलं आहे ना, तेच लाव बापासमोर. ऐकू दे चारचौघांना!"

त्याने मोबाइलवर गाणं लावलं. ड्रम दणाणले. आता याची चांगली जिरणार, म्हणून मावशी टेचात बसली.

तेवढ्यात बहिणीला हुंदका फुटला. पोराच्या गळ्यात पडून ती धाय मोकलून रडू लागली.

"ह्यांना असंच आवडायचं रे," ती म्हणाली. "आवाज वाढव."