ओवीत अडकलेला माणूस

आमच्या ह्यांनी आयुष्यात मोजक्याच कथा लिहिल्या, पण प्रत्येक कथेपायी माझं डोकं खाल्लं. कोळसा खाणीच्या लॅम्परूममध्ये ते नोकरीला होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला डोक्यावर लावायची बत्ती द्यायची, तो वर आला की परत घेऊन खिळ्याला टांगायची. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. बत्त्या वाटून झाल्या की मधला वेळ त्यांचाच, त्यात ते कथा लिहायचे. मी शाळेत मास्तरीण, शिवाय विहारातल्या बायांच्या गाण्याच्या मंडळात. त्यांची कथा एखाद्या दिवाळी अंकात आली की मी तिच्यावर कविता करायची, हा आमच्या संसारातला खेळ होता. एका कथेची गझल केली, एकीचा पाळणा, आणि एका खवीस सासऱ्याच्या कथेची तर कव्वाली करून मंडळात टाळ्या घेतल्या. ते म्हणायचे, "माह्या कथेचा रस काढते अन् चोथा मले वापस देते." मी म्हणायची, रस निघतो तरी का, ते बघा आधी.

रिटायर झाल्यावर आम्ही दारव्ह्याला आलो, त्यांच्या गावी. घर जीपस्टँडच्या मागेच. तिथे हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजारी, मग पोरीचं नाव. सुरुवातीला मी चिडायची, खोटं कशाला बोलू. आजार आहे हे कळायचं, पण वळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांचंच लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, धागा टिकेल.

म्हणून त्यांची सगळ्यात चांगली कथा काढली. लॅम्परूममधल्या माणसाची. शिफ्ट सुटते, बत्त्या परत येतात, एक खिळा रिकामाच राहतो. हा माणूस घरी जात नाही. दुसरी शिफ्ट खाली जाते, वर येते, तरी खिळा रिकामा. शेवटी तो खिळा फडक्यानं पुसतो, कथा संपते. आमच्या खाणीत असं काही झालेलं नव्हतं. सगळं त्यांनी मनानं रचलेलं. तेव्हा मी म्हटलं होतं, त्या खालच्या माणसाला वर आणा की हो, तुमच्या काय बापाचं जातं? तर हे असे भडकले की चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "ज्याचं कोणी खरंच खाली राह्यलं असन, त्याले हा वर आलेला वाचून काय वाटन?" एवढंच म्हणाले. मला तेव्हा पटलं नाही.

ती कथा आता त्यांना झेपेना. दुसऱ्या पानावर विचारायचे, "हा कोण?" पुन्हा पहिल्यापासून वाचायची मी. पुन्हा "हा कोण?" मग मनात आलं, कथा लांब पडते तर तिची कविता करू. आजवर हौसेनं केलं, आता गरजेनं. आधी मुक्तछंदात लिहिली. तीही लांबली. मग गझल केली, कारण गझलेचा प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा, मागचा विसरला तरी पुढच्याचं अडत नाही.

शिफ्ट सुटली तरी आहे बत्ती एक खाली अजून
वर आले सारे, त्याची हाक नाही आली अजून

"वा," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून वा ऐकला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं डोळे पुसले. पण दिवाळीनंतर दोन ओळीसुद्धा हातून निसटायला लागल्या. मी आणखी लहान केलं, हायकू लिहिला. "सुटली शिफ्ट, एक खिळा रिकामा, निवला चहा." ऐकून ते म्हणाले, "पुढं?" पुढं काही नाही, म्हटलं. "मंग कायले सुरू केलं?" त्या दिवशी मी खूप हसले. आमच्या घरात हसण्याचा तो शेवटचा दिवस, असं वाटतं कधी कधी.

मग मी ओवी केली. विहारात आम्ही बाया जात्यावरच्या जुन्या चालीत नवी गाणी बांधतो, चाल तयारच असते, शब्द तेवढे बसवायचे. त्यांची आई दळताना जी चाल गायची, तीच मी घेतली.

बाई सुटली वं शिफ्ट, बत्त्या टांगल्या खिळ्याले
एक राह्यली खालती, पाणी माह्या डोळ्याले

हे बरोबर लक्षात राहिलं. कथा गेली, गझल गेली, पोरीचं नाव गेलं, आणि ही ओवी जाईना. आंघोळ करता करता गुणगुणायचे. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. शेजारणीला बोलावून ऐकवलं. ती मंडळातलीच, माझ्यासारखीच फटकळ. ती म्हणाली, "जमलं वं तुले."

काय जमलं होतं ते आठवड्याभरात कळलं. एका संध्याकाळी हे फाटकापाशी जाऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "एक जण खाली हाये अजून." मी समजावलं, अहो, ती कथा आहे, तुमचीच आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच निर्दयी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं. बाजाराच्या दिवशी तर जीपस्टँडवर जाऊन जीपमधून उतरणाऱ्या माणसांना विचारत होते, "तो आला काय वर?" लोक बिचारे चांगले, कोणी हसलं नाही. जेवण तुटलं. घास हातात धरून बसायचे. "तो उपाशी असन खाली." दिवसभरात ओवी आठवली की त्यांना ती बातमी नव्यानं कळायची आणि माणूस नव्यानं मरायचा. मी गायचं थांबवलं, तर स्वतःच गायचे आणि रडायचे.

माझ्याच हातानं मी हे केलं होतं. शेजारीण म्हणाली, "मंग पुढची ओवी बांध ना. आण त्याले वर."

सांगायला सोपं आहे. ज्या शेवटासाठी हा माणूस माझ्याशी चार दिवस अबोला धरून बसला, तो त्याच्या माघारी बदलायचा? आणि माघारी तरी कसं म्हणू, ते समोरच तर बसलेले. मी खूप दिवस टाळलं. त्यांची हाडं दिसायला लागली तेव्हा म्हटलं, चुलीत गेलं साहित्य. भाजी निवडता निवडता दोन ओळी जुळवल्या, आणि संध्याकाळी फाटकापाशी त्यांच्या शेजारी उभी राहून म्हटल्या.

बाई आला वं तो वर, काळ्या तोंडानं हासला
बत्ती टांगली खिळ्याले, मंग चहाले बसला

मनात म्हणत होते, भांडा आता. म्हणा, कोणाला विचारून बदलला शेवट. एकदा ओरडा माझ्यावर, म्हणजे मला कळेल की तुम्ही आहात आत कुठंतरी.

"आला?" त्यांनी विचारलं.

आला, म्हटलं.

"बरं झालं बाई," ते म्हणाले, आणि मुकाट्यानं घरात आले. हात धुतले, पाटावर बसले. भाकरी मोडून वरणात कुस्करली आणि जेवायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझी एक ओळ कधी तशीच सोडली नव्हती.

जेवता जेवता ते थांबले. "त्याले बायको हाये काय?"

आहे, म्हटलं.

"तिले सांगतलं काय कोणी, तो वर आला म्हणून? वाट पाहून राह्यली असन बिचारी."

ते घास ताटात ठेवून म्हणाले, "जा ना बाई, तूच सांगून ये. लांब नसन घर."

मी उठले. चप्पल पायात घातली, दार लोटून बाहेर पायरीवर जाऊन बसले. स्टँडवर शेवटची जीप भरत होती. जीपवाला पोरगा गावांची नावं ओरडत होता. जीप निघून गेली. मग तोंड पुसून आत आले.

"सांगतलं?"

सांगितलं.

"काय म्हणे?"

"काही नाही. रडली."

"रडनच ना," ते म्हणाले, आणि त्यांनी भात मागितला.