दोघी असल्या तरच

शेवंता त्या दिवशी माझ्या बापाशी खोटं बोलली नसती, तर मी आज पदवीधर नसते.

दहावीच्या वर्गात सरांनी विचारलं, पुढं सायन्स कोण घेणार? पोरांचे हात भराभर वर गेले. पोरींच्या बाजूनं दोनच. तिचा आणि माझा.

"काय गं, सायन्स शिकून तांड्यावर कोयत्याला धार लावणार का?" सर मला म्हणाले.

वर्ग हसला. पोरीसुद्धा. माझी माय तेव्हा ऊसतोडीला गेलेली. माझा हात आपोआप खाली येऊ लागला. शेवंतानं कोपराला धरून तो वरच ठेवला.

गणितं मला तीच शिकवायची.

आमच्या तांड्यावरून एकट्या पोरीला एसटीनं शिकायला धाडत नाहीत. दोघी असल्या तरच. म्हणून पोरी आवडीचं नाही, सोबतिणीचं घेतात. बाकीच्या पोरी गावातच आर्ट्सला गेल्या. सायन्स हिंगोलीला.

निकालानंतर शेवंता आमच्या अंगणात आली.

"काका, आमी दोघी जातो. संगं जाऊ, संगं येऊ."

"तुझा बाप व्हय म्हणला?"

"व्हय."

बापानं माझा प्रवेश घेतला. कॉलेज सुरू व्हायच्या आत शेवंताचं लग्न लागलं. अंगणात आली तेव्हाच ते ठरलेलं होतं. बाप चिडला, पण घेतलेला प्रवेश त्याला मोडवेना. मी एकटी गेले.

आता त्याच शाळेत मी विज्ञान शिकवते. सायन्स कोण घेणार, असं विचारते. आता कुणी हसत नाही. हसायची गरज उरली नाही. पोरींचे हात वर येतच नाहीत.

शेवंताची लेक याच वर्गात आहे. मायबाप ऊसतोडीला, ती आमच्याच तांड्यावर आजीजवळ. वर्गात सगळ्यांत हुशार.

"तू काहून न्हाई गं?"

"आपल्याला न्हाई जमायचं, मॅडम."

"कोण म्हणलं?"

"माय म्हणली."

उसाच्या फडावर जाणाऱ्या माणसाच्या हाती मी शेवंताला चिठ्ठी पाठवली.

"शेवंता,
जमायचं नाही, हे तू लेकीला शिकवलंस. तुला बोल लावत नाही. तुझा हात कुणी धरला नव्हता. तुझं गेलं ते परत येणार नाही, खोटी आशा दाखवत नाही. तिच्यासोबत येणारी पोरगी तांड्यावर नाही. घरोघर विचारून आले. तिचा बाप विचारील, सोबत कोण? माझं नाव सांग. सकाळच्या एसटीनं तिला हिंगोलीला पोचवीन, मग शाळेत येईन. नोकरीला तकलीफ झाली तर होऊ दे. या वेळी खोटं नाही. आमी दोघी जातो."