पल्याडचं दार

साहेबराव नावाचेच साहेब. नोकरी ‘भरभरून’ या स्वस्त दुकानाच्या दारात रखवालदाराची, आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पिशव्यांची तोंडं प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायची. जालना रोडच्या पल्याड ‘मिंट बास्केट’. तेही स्वस्तच. तूरडाळ दोन्हीकडे सारखीच. फक्त इकडे ती पोत्यातून आपल्या हातानं भरून घ्यायची, तिकडे खाकी कागदात सुतळीनं बांधून मिळते. इकडे शेंद्र्याच्या कारखान्यांतले कामगार, त्यांच्या बायका, एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या. तिकडे मोटारी. गरिबानं स्वस्त घेतलं तर तो दिवस काढतो. मोटारवाल्यानं घेतलं तर तो हुशार ठरतो.

साहेबरावांना डाळीचं काही नव्हतं. त्यांना सलत होता पुंडलिक, पल्याडचा रखवालदार. दोघं एकाच एजन्सीचे. पगार सारखा, टोपीसुद्धा सारखी. पण पुंडलिकनं दार उघडलं की लोक ‘थँक यू’ म्हणत. आणि साहेबरावांना शेंद्र्याची चतुराबाई म्हणे, “मुडद्या, पिशवीत माझी भाकर हाय, तुझं दुकान नाय! सोड!”

“थँक्यूनं पोट भरतं व्हय?” घरी मनकर्णाबाई विचारीत.

“पोट नाय भरत. छाती भरती.”

“मग जेवायला छातीच वाढते,” म्हणून बाई ताट सरकवीत.

साहेबरावांनी सुपरवायझरच्या मागं वर्षभर टुमणं लावलं. अखेर संक्रांतीनंतर त्यानं वैतागून दोघांची अदलाबदल केली. पुंडलिकनं काही विचारलं नाही, याचाही साहेबरावांना राग आला.

नव्या दारात गारवा होता, मंद संगीत होतं. लोक थँक यू म्हणत, यात खोट नव्हती. पण निम्मे कानातल्या यंत्राशी बोलत असत, आणि उरलेले दाराला म्हणत. पिशव्या बांधायचा प्रश्नच नव्हता; मोटारवाले हातात किल्लीच घेऊन येतात. साहेबरावांचे हात दिवसभर नुसते लोंबत.

चौथ्या-पाचव्या दिवशी रस्त्यापलीकडे त्यांना चतुराबाई दिसली. पिशवीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं पुंडलिकच्या. तिचं तोंड अखंड सुरू. मग जाता जाता तिनं ओच्यातला मूठभर हुरडा काढून पुंडलिकच्या हातात कोंबला. हुरडा तिनं दर हिवाळ्यात साहेबरावांनाही दिला होता. तो त्यांनी खाल्ला होता, पण कधी जमेस धरला नव्हता. काचेआडून ते पुंडलिकचं तोंड हलताना पाहत राहिले. एका बाईंना दार स्वतःच ढकलावं लागलं.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर दोघं भेटले.

“चतुराबाई काय म्हणत होती?” साहेबरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“काय म्हणणार? शिव्या देत होती.”

“नेहमीच्याच?”

पुंडलिकनं जरा आठवून पाहिलं. “मुडद्या म्हणली. आन् दोन नव्या होत्या.”

साहेबरावांनी चहा अर्धाच ठेवला आणि सुपरवायझरला फोन लावला.