भिजवलेली माती

मोटार वाळूत रुतलेली होती आणि जावयाने प्यायच्या पाण्याचा शेवटचा कॅन कोरड्या ओढ्याच्या काठावर रिकामा केला. काठाची उभी माती वरून खालपर्यंत भिजवली. मी म्हणाले, "अरे, प्यायचं पाणी आहे ते." तो म्हणाला, "आई, तू गप्प बस. कोरडी माती काही दाखवत नाही." मराठी तो माझ्या मुलीकडून शिकला होता.

ओल्या मातीत काळा पट्टा उठून दिसला. त्याने फोटो काढले. मी कॅन तोंडावर उलटा धरला, तर वाळूच पडली.

जावई इंग्लंडचा. बाप ट्रक चालवायचा. हा शिकला आणि जमिनीत गाडलेल्या जुन्या वस्त्या उकरणारा झाला. उमेदीची वर्षं जॉर्डनच्या वाळवंटात काढली. तिथे एक भिंत सापडली, ती त्याने देवळाची ठरवली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मागून दुसऱ्या कुणी तिथेच आणखी खणलं, तर गुरांचा गोठा निघाला. भर सभेत लोक हसले. नोकरी गेली. माझी मुलगी कालगुर्ली या वाळवंटातल्या खाणींच्या गावी इस्पितळात डॉक्टर म्हणून आली, तिच्या मागून हा आला. इथे खाणवाल्यांनी खणायच्या आधी जमीन बघायची आणि "इथे जुनं काही नाही" असं लिहून द्यायचं, हे त्याचं काम. काही नाही हे लिहायला एवढं शिकला.

त्या रविवारी मुलगी शिफ्टला होती. मला घरी एकटीला कसं ठेवायचं, म्हणून त्याने बरोबर घेतलं. काठावर इथल्या मूळ लोकांची फार जुनी चूल आहे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. फोटो मिळाले की हसणाऱ्यांची तोंडं बंद करणार होता. मोबाइल तिथे लागत नाही. आडरानात चालणारा फोन ऑफिसात राहिला होता, कारण सुट्टीच्या दिवशी तो मागायची त्याला लाज वाटली.

चाकांखालची वाळू उपसून तो दमला. मग म्हणाला, टेकडीपलीकडे खाणीचा रस्ता आहे, चालत जातो. मोटार सोडायची नाही, हे मुलगी मला आल्या दिवसापासून बजावत होती. मी त्याला तेच सांगितलं.

"वाळवंट तू मला शिकवतेस?" तो म्हणाला.

डब्यातला अर्धा दहीभात मी पुढे केला. आंबट वास येतो म्हणाला आणि कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला. मी मोटारीच्या सावलीत आडवी झाले. माझा अर्धा भात खाल्ला. ऊन उतरल्यावर त्याचाही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी विमानातून लोकांना मोटार दिसली. माणूस दिसायला आणखी वेळ लागला. टेकडीपलीकडे रस्ता नव्हताच. कॅमेरा गळ्यात तसाच होता.

फोटो कुणा जाणकाराने पाहिले. चूल नव्हती, वणव्याची राख होती.

इस्पितळात मुलीने विचारलं, पाणी कुठे गेलं? मी म्हणाले, मातीला पाजलं त्याने.

"आणि तू कशी वाचलीस?"

"बसून राहिले."

दोघं गेलो होतो. जावई मेला, मी जगले.