विरघळणारं, पण टिकाऊ हवं

बाप्तिस्म्यानंतर पाद्रीबाई बाळाचं डोकं ज्या पांढऱ्या टॉवेलने टिपत, त्यावर बाळाचं नाव भरायचं काम सव्वीस वर्षं आर्डिस टोलेफसनकडे होतं. पगार नाही, चर्चच्या कपाटाची एक किल्ली तेवढी तिच्याकडे असे. अमेरिकेतल्या, मिनेसोटातल्या त्या गावात याहून मोठं पद एकच होतं, आणि ते पाद्रीबाईंकडे होतं.

सत्तरीनंतर बोटं आखडली, म्हणून मुलाने भरतकामाचं यंत्र आणून दिलं. तिथून छळ सुरू झाला. टॉवेलच्या लवेत टाके बुडू नयेत म्हणून वर स्टॅबिलायझर नावाचा, प्लॅस्टिकसारखा दिसणारा पापुद्रा अंथरायचा आणि काम झालं की तो पाण्याने घालवायचा. ऐकायला सोपं. दुकानात मात्र त्याचे अकरा प्रकार निघाले: पातळ, जाड, कापडासारखा, एका बाजूने चिकट, कुठला गार पाण्यात विरघळणारा, तर कुठला फक्त गरम पाण्यात.

"यातला टॉवेलला कुठला?"

"ते तुमच्या प्रोजेक्टवर आहे," विक्रेती म्हणाली.

"प्रोजेक्ट नाही गं बाई, टॉवेल आहे."

आर्डिसने जाड घेतला. नाहीशी व्हायलाच आणलेली वस्तूसुद्धा निदान टिकाऊ असावी, ही तिच्या माहेरची शिकवण.

"सरळ तासभर बुडवून ठेवा, वहिनी," नणंद लव्हॉन म्हणाली. आर्डिसने बुडवला. पापुद्रा गेला, पण टॉवेल आटला आणि 'सोरेन' हे बाळाचं नाव सुरकुतून म्हातारं झालं. दुसऱ्या टॉवेलवर तिने तेच नाव पुन्हा भरलं, पण त्याला पाणी लावलंच नाही. पापुद्रा नुसता फाडून काढला. अक्षरांच्या पोटात तुकडे राहिले, पण दिसत नव्हते. मग राहू देत.

रविवारी पाद्रीबाईंनी सोरेनच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं आणि टॉवेल टेकवला. पाणी लागलं की विरघळायचं, हा आपला धर्म त्या तुकड्यांनी तिथे पाळला. टाळूवर डिंकासारखा लेप बसला, चार केस ताठ उभे राहिले. पाद्रीबाईंनी पुस्तकाचं पान उलटलं, ते बोटाला चिकटून तीन पानं एकदम उलटली, आणि मंडळी प्रार्थना ओलांडून थेट दानाच्या ताटावर आली.

तळघरात कॉफीच्या वेळी चर्चच्या समितीचे मायरन जवळ आले. "आर्डिसबाई, लव्हॉन तुम्हाला मदत करायला तयार आहे."

त्या चर्चमध्ये 'मदत' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मागच्या ऑर्गनवादकालाही मदतच मिळाली होती.

"मला मदत नकोय. कुठला पापुद्रा घ्यायचा, ते कुणीतरी सरळ सांगा."

"तेच ना. तिला त्यातलं कळतं."

"मी म्हटलं होतं वहिनी, बुडवा म्हणून," लव्हॉन म्हणाली.

"बुडवला होता!"

हे जरा मोठ्याने झालं. दोन टेबलांवरचे चमचे थांबले. आर्डिसने पर्समधून जुडगा काढला. कपाटाची किल्ली कड्यातून सुटेना. नखाने, मग काट्याने, शेवटी दातांनी तिने ती सोडवली आणि लव्हॉनच्या हातात न देता तिच्या केकच्या बशीशेजारी ठेवली.

"बरं," ती म्हणाली, आणि कोट घ्यायला गेली.