दामलेसरांचा अचल संगणक

बदली होऊन मी कोलकात्यात आले आणि मराठी कानावर पडावं म्हणून सॉल्ट लेकमधल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात गेले. टेबलाखालून आवाज आला, "जरा बॅटरी धरता का?" दामलेसरांची ती पहिली ओळख. पुढची चार वर्षं मी बॅटरी धरतेच आहे.

सर जन्माने कोलकात्यातल्याच बागबाजारचे, भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. वाचनालयाच्या संगणकासाठी त्यांनी लिनक्स कुळातल्या तीन अचल संगणकप्रणाली महिनोन्महिने पारखल्या. अचल म्हणजे जिचा गाभा चुकूनही बदलता येत नाही; नवी आवृत्ती बिघडली तर आदल्या आवृत्तीवर परतता येतं. पहिली वापरायला सोपी निघाली. दुसरी सुरक्षेला पक्की, पण प्रिंटर जोडताना सरांच्या संयमाचा अंत पाहणारी. तिसरी बंद करताच सगळं विसरायची. खासगीपणात तिला तोड नाही, असं सर म्हणाले आणि तीच त्यांनी आधी नाकारली. मुलांना बाराखडी शिकवतानाचा दिवंगत दामलेकाकूंचा आवाज त्याच संगणकात होता.

शेवटी पहिली बसवली. कुणी छेडछाड करू नये म्हणून सरांनी बंगाली अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, 'अचल'. दुसऱ्या दिवशी संगणक गायब. रखवालदार बिश्वनाथदांनी तो भंगारात नेऊन ठेवला होता. "आपनिई तो लिखेछेन, अचल," तुम्हीच तर लिहिलंय, असं ते बिचारे म्हणाले. बंगालीत अचल म्हणजे निकामी. आयुष्य इथे काढलेल्या सरांना हे ठाऊक नव्हतं थोडंच, पण त्या दिवशी ते मराठीत विचार करत होते. एवढ्या काटेकोर माणसाने आवाजाची दुसरी प्रतही काढली नव्हती. भंगारवाला यायच्या आत संगणक सापडला. रखवालदारांना न रागावता सरांनी त्यांना चहा पाजला.

सरांच्या पंच्याहत्तरीलाच माझी बदली निघाली. त्यांचा मुलगा परदेशात; रोज मराठी बोलायला सरांना आता कुणी उरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ते एवढंच म्हणाले, "आदल्या आवृत्तीवर परतायची सोय घरात नसते." आणि काकूंच्या आवाजाची प्रत त्यांनी माझ्या हातावर ठेवली. एक प्रत गावाबाहेर असावी म्हणून.

मी ती ऐकली. काकू 'क' म्हणतात, आणि मुलांच्या आधी त्यांच्यामागून सरच 'क' म्हणतात.

सर, तब्येतीला जपा, शंभरी गाठा. अचल राहा, आपल्या मराठीतल्या अर्थाने. रोज संध्याकाळी मी फोन करीन.